मधमाशीची स्मृती कोठे साठते?

ज्या फुलात मकरंद मिळाला त्याचा रंग, त्याचा वास आणि तो मिळण्याची वेळ मधमाशी ध्यानात ठेवते व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेथे हजर होते. कार्ल फॉन फ्रिश आणि त्यांचे शिष्य यांनी हे प्रयोगाने सिद्ध केले. मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे फॉन फ्रिश यांनी १९१४ साली दाखविले व पुढे १९७३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु राईच्या दाण्याहूनही लहान अशा त्या मेंदूत ही नोंद राहते तरी कोठे?

मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख मज्जापेशी असतात. त्यांपैकी ३ लाखांहून अधिक पेशी अळंब्याच्या आकाराच्या दोन पिंडांत एकवटलेल्या आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ दुजार्दँ यांनी १८५० साली ह्या पिंडांचे वर्णन करून त्यांचा संबंध कीटकांच्या बुद्धीशी जोडला. तो तर्क पुढे खरा ठरला.

जर्मनीत रांडोल्फ मेन्झेल व त्यांचे सहकारी यांनी मधमाशीस एक वास देऊन लगेच साखरेचे पाणी चाखविले. एकाच पाठात तो वास येताच ती सोंड बाहेर काढू लागली. मग पाठानंतर थोड्याच वेळात त्यांनी थंड सुईने मेंदूचा एकेक भाग गारठविला. दृष्टीचा भाग गारठविला तरी काही बिघडले नाही. परंतु पहिल्या काही मिनिटांत अळंबी-पिंड गारठविले असता माशी शिकलेले विसरली. अधिक वेळ लोटल्यावर मात्र तोच उपाय निष्फळ ठरला. आम्हां व्यापाऱ्यांस हे समजणे अवघड नाही. किर्दीतील नोंद खतावणीत उतरेपर्यंत कच्चीच असते. कित्येक दिवस टिकणारी स्मृती तर पाठ पुनःपुन्हा मिळाल्यावर व पेशींत नवी प्रथिने तयार झाल्यावरच पक्की होते.

पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीनेही हीच साक्ष दिली. तिच्या गंधज्ञानावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मोलाचे काम केले. १९९४ साली जर्मनीत ज्या फळमाश्यांचे हे पिंड औषधाने वाढू दिले नव्हते, त्यांना वास येई, विजेचा धक्काही जाणवे. पण ह्या वासामागून धक्का येतो, एवढे त्या शिकेनात. वासाने जाग्या झालेल्या पेशींपाशी त्याच क्षणी डोपामीन नावाचे द्रव्य पोहोचले की त्यांचे पुढील पेशींशी असलेले सांधे बदलतात. स्मृती म्हणजे हा सांध्यांतील बदल होय. सर्वच स्मृती ह्या पिंडांत असते असे मात्र नव्हे. जागेची काही ओळख फळमाशी मेंदूच्या मध्यभागातील दुसऱ्या रचनेत राखते.

हा विषय केवळ कौतुकाचा नाही. २०१२ साली फ्रान्समध्ये मधमाश्यांना थायामेथोक्झाम हे कीटकनाशक अत्यल्प प्रमाणात देऊन दूर सोडले असता, त्यांतील पुष्कळ पोळ्याकडे परतल्याच नाहीत. २०१३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांस आढळले की इमिडाक्लोप्रिड व क्लोथियानिडिन यांमुळे ह्याच पिंडांतील पेशी प्रथम उत्तेजित होऊन मग निःशब्द होतात. युरोपीय संघाने २०१८ साली ह्या तिन्ही द्रव्यांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम दुकानांतून विकली जातात आणि आमच्यापैकी कित्येकांच्या पेढीवर ती असतात.

जे विष माशीस जागच्या जागी मारीत नाही ते निरुपद्रवी, असा समज सोडावयास हवा. घर विसरलेली माशी पोळ्यास मेल्यासारखीच. सूर्यफूल, कांद्याचे बी, भोपळा, काकडी ही पिके तिच्या येण्याजाण्यावर अवलंबून आहेत आणि त्यांवर आमचा बाजार. म्हणून डबा गिऱ्हाइकाच्या हाती देताना एवढे अवश्य सांगावे, की पीक फुलोऱ्यात असता फवारू नये. फवारणे टळतच नसेल तर माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी फवारावे. ह्या दोन वाक्यांस काही मोल पडत नाही.