उंदीर आणि चिमणी : दोघांचा जमाखर्च

दाणा खाणारा प्रत्येक जीव शेतकऱ्याचा सारखाच वैरी, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. घरांतील लहान उंदीर व घरचिमणी यांच्या राहणीचा विचार केला असतां ती बरोबर नाहीं, असें दिसून येईल.

दोघांत साम्य बरेंच आहे. प्रत्येकाचें वजन २ तोळ्यांच्या आसपास. दोघेही मनुष्याच्या धान्यामागोमाग जगभर पसरले. परंतु उंदराचे पुढील दांत जन्मभर वाढत असल्यामुळें तो सतत कुरतडतो, आणि खातो त्याहून अधिक धान्य लेंड्यामुतानें नासवितो. त्याची मादी गाभण राहिल्यापासून सुमारें २० दिवसांत विते. एका वेतांत बहुधा ५ ते ८ पिलें होतात आणि तीं दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. कोठार भरलेलें असेल तर हा क्रम बारमास चालतो.

चिमणी ज्वारी-बाजरीच्या कणसांवर बसते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती एका वेळीं ३ ते ५ अंडीं घालते, आणि तिच्या पिलांची वीण सुरू होण्यास पुढचें वर्ष उजाडतें. शिवाय कोवळ्या पिलांचें पोषण मुख्यतः किडे व अळ्या यांवर होतें. तीं वेंचण्यांत नर व मादी दोघेही दिवसभर गुंतलेलीं असतात. म्हणजे तिच्या खात्यांत खर्चाबरोबर जमाही आहे. उंदराच्या खात्यांत केवळ खर्च.

हा भेद न पाहिल्यास काय होतें, तें चीन देशानें अनुभविलें. तेथें १९५८ सालीं उंदीर, माशी, डांस व चिमणी यांच्या संहाराची मोहीम निघाली. लोकांनीं भांडीं बडवून चिमण्यांस कोठें बसूंच दिलें नाहीं. त्या थकून खालीं पडल्या. पुढें टोळ व इतर किडी माजल्या. शास्त्रज्ञांनीं चिमण्यांच्या पोटांतील अन्न तपासून त्या किती कीटक खातात हें दाखविलें, तेव्हां १९६० सालीं यादींतून चिमणी वगळून ढेकूण घालण्यांत आला. उंदीर मात्र यादींत राहिला.

म्हणून आम्ही शेतकरी बंधूंस असें सुचवितों कीं, कोठाराच्या फटी पक्क्या बुजवाव्या. पेन्सिल जाईल एवढ्या फटींतूनही उंदीर शिरतो. पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीं. चिमण्यांकरितां कणसांत दाणा भरूं लागल्यापासून कापणीपर्यंत राखण ठेवावी. वळचणीचें घरटें मात्र मोडूं नये. उंदरांसाठीं विषारी दाणा उघड्यावर टाकूं नये. उजाडतांच तो चिमणी टिपते.