कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटप आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगाव हे मुळशी तालुक्यातील गाव आहे. या परिसरात पडणारे पावसाचे पाणी रामनदीने बावधन-पाषाणमार्गे मुळेस मिळते आणि पुढे भीमेतून उजनीच्या जलाशयात व अखेर कर्नाटकात कृष्णेस जाऊन पोहोचते. त्याच तालुक्यात पश्चिमेस काही कोसांवर मुळशी धरणामागे साठलेले पाणी मात्र सह्याद्रीखालील बोगद्यातून भिरा येथील वीजगृहावर उतरते आणि कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास मिळते. एकाच तालुक्यातील पावसाचे हे दोन मार्ग हा केवळ भूगोलाचा विषय नाही. निसर्गतः पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेस वळविण्याचा अधिकार महाराष्ट्रास कितपत आहे, हा कृष्णेच्या लवादापुढील एक प्रमुख वादविषय होता.

राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांसाठी रचलेले सिद्धान्त एकाच संघराज्यातील घटकराज्यांना लावणे कितपत युक्त आहे, अशी शंका येथे प्रथमच उपस्थित होईल. घटकराज्ये सार्वभौम नाहीत, त्यांना सैन्य नाही, परराष्ट्रखाते नाही. तथापि पाण्याच्या बाबतीत त्यांची स्थिती विलक्षण आहे. संविधानाच्या २६२व्या अनुच्छेदाने आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांतून न्यायालयांना वगळण्याची मुभा संसदेस दिली आणि १९५६च्या आंतरराज्य जलविवाद अधिनियमाने तिचा उपयोग केला. त्यामुळे राज्यांपुढे वाटाघाटी किंवा लवाद हेच मुख्य मार्ग उरले. १९५१ साली दिल्लीत झालेल्या कृष्णा करारास म्हैसूरने मान्यता दिली नाही आणि पुढे लवादाने तो करार बंधनकारक मानला नाही. संमतीवाचून बंधन नाही, हे आंतरराष्ट्रीय करारांचे तत्त्व येथे एका घटकराज्याने प्रत्यक्षात आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

वास्तववादी विचारसरणी सामर्थ्याच्या वाटपावरून राज्यांचे वर्तन सांगते. नदीच्या संदर्भात तिचे सर्वांत उघड रूप म्हणजे १८९५ साली अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी रिओ ग्रांदे नदीविषयी दिलेले मत होय. आपल्या हद्दीतील पाण्यावर वरच्या अंगाच्या राष्ट्राचा निरंकुश अधिकार आहे, असा त्याचा आशय होता. (खुद्द अमेरिकेनेच १९०६ साली मेक्सिकोशी पाणीवाटपाचा करार केला, हे हार्मन यांचा दाखला देणारे बहुधा विसरतात.) या तर्काने पाहिल्यास महाबळेश्वरास कृष्णेचा व भीमाशंकरास भीमेचा उगम असलेला महाराष्ट्र या खोऱ्यातील सर्वांत बलवान पक्ष ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात तसे घडले नाही. खालच्या अंगाच्या आंध्र प्रदेशाने नागार्जुनसागरासारखी कामे आधी हाती घेतली आणि लवादाने १९६० पर्यंतच्या वापरास मोठ्या प्रमाणावर संरक्षण दिले. पाणी आधी वापरात आणणे हेही एक सामर्थ्य आहे, किंबहुना उगमस्थानाहून मोठे आहे. नाईलच्या खोऱ्यात सर्वांत खालच्या इजिप्तने दीर्घकाळ वरचष्मा राखला, त्याचे एक कारण हेच. झैतून व वॉर्नर यांनी २००६ साली मांडलेली ‘जलवर्चस्वा’ची कल्पना नेमकी हीच उणीव भरून काढू पाहते. स्थानापेक्षा क्षमता व नियम घडविण्याची शक्ती यांना तीत अधिक वजन आहे.

कौटिल्याच्या मंडलसिद्धान्तात शेजारी हा स्वाभाविक शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी हा मित्र असतो. कृष्णेच्या खोऱ्यात मात्र मैत्री विषयागणिक बदलते. पश्चिमेस पाणी वळविण्याच्या प्रश्नावर कर्नाटक व आंध्र प्रदेश हे महाराष्ट्राविरुद्ध उभे राहिले. अलमट्टी धरणाच्या उंचीच्या प्रश्नावर महाराष्ट्र व आंध्र प्रदेश या दोघांचेही आक्षेप कर्नाटकावर होते. कायमचे मंडल येथे सापडत नाही.

संस्थावाद्यांचे प्रतिपादन असे की, व्यवहार पुनःपुन्हा करावयाचा असेल तर नियम व मोजमाप यांच्या आधारे स्वार्थी पक्षही सहकार्य करतात. १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या लवादाचा निवाडा या प्रतिपादनाचे उत्तम उदाहरण आहे. शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षी हमखास मिळेल असा प्रवाह २०६० अब्ज घनफूट धरून लवादाने महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. पश्चिमेकडील वळण त्याने निषिद्ध मानले नाही, पण त्यास मर्यादा घातली : कोयनेसाठी वर्षास ६७.५ आणि मुळशीसह टाटांच्या जलविद्युत्प्रकल्पांसाठी कोणत्याही एका वर्षी ५४.५ व सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. ही पाच वर्षांची अट विशेष अभ्यासनीय आहे. कमीअधिक पावसाच्या वर्षांत विजेच्या गरजेस लवचिकता मिळावी, पण त्या सबबीखाली कायमचा अतिरेक होऊ नये, अशी ही रचना आहे. संशय कमी करणारी संस्था म्हणजे काय, हे तीवरून जितके स्पष्ट होते तितके ग्रंथांतील व्याख्यांवरून क्वचितच होते.

तथापि नियम पाण्याच्या टंचाईसाठी होते, पुरासाठी नव्हते. २००५ व २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात आलेल्या महापुरांनी वरच्या व खालच्या अंगाचे नाते जणू उलटे केले. अलमट्टीच्या फुगवट्यामुळेच पूर वाढतो की नाही याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु वरच्या राज्याची सुरक्षितता खालच्या राज्याने दरवाजे केव्हा उघडावेत यावर अवलंबून असल्याची भावना नदीकाठी रुजली आहे. या संकटातून दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांमध्ये विसर्गाच्या माहितीची देवाणघेवाण वाढली. डेव्हिड मिट्रानी यांनी १९४३ साली मांडलेला कार्यवाद नेमके हेच सांगतो : सहकार्याचा आरंभ राजकीय तडजोडीने नव्हे, तर तांत्रिक कामाने होतो. उन्हाळ्यात कर्नाटकाने कोयना-वारणेचे पाणी मागावे आणि महाराष्ट्राने त्याच्या मोबदल्यात दुष्काळी जत तालुक्यासाठी कर्नाटकाच्या योजनेतून पाणी मागावे, ही देवघेवीची चर्चाही याच जातीची आहे.

तांत्रिक सहकार्य हळूहळू राजकीय क्षेत्रात झिरपते, हा कार्यवादाचा पुढचा दावा मात्र येथे टिकत नाही. याच दोन राज्यांत बेळगावचा सीमावाद १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून चालू आहे. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. पाणी अब्ज घनफुटांत विभागता येते, या वर्षीचे उणे पुढील वर्षी भरून काढता येते. गाव मात्र एकतर इकडे असते किंवा तिकडे, आणि त्याच्याशी भाषेची अस्मिता निगडित असते. म्हणून एकाच वेळी, त्याच दोन शासनांत, एका विषयात सहकार्य व दुसऱ्यात वैर नांदते. ‘दोन राज्यांचे संबंध’ हे विश्लेषणाचे एकक मानणाऱ्या सिद्धान्तांची मर्यादा येथे उघडी पडते. एकक विषय हाच असावयास हवा. २०२२च्या अखेरीस जतमधील गावांनी पाण्याच्या अभावी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा हे दोन विषय एकमेकांत मिसळले. त्या वेळी पाण्याचा प्रश्न सुटण्याऐवजी त्यासच सीमावादाची धार चढली.

न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या दुसऱ्या लवादाने २०१० साली निवाडा दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या आदेशाने त्याची राजपत्रात प्रसिद्धी थांबली, आणि २०१४ साली तेलंगणाच्या निर्मितीने पक्षांची संख्याच बदलली. दरम्यान मुळशीचे पाणी पश्चिमेस न सोडता भीमेच्या खोऱ्यास द्यावे, ही मागणी खुद्द महाराष्ट्रातच वाढली आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुट ही झपाट्याने वाढलेली गावे, पूर्वेकडील दुष्काळी तालुके आणि मुंबईची वीज असे तीन पक्ष तीत आहेत. हा तंटा एकाच राज्याच्या पोटातील असल्याने त्यास १९५६चा अधिनियम लागू होत नाही.