मोटरसायकल प्रदर्शनास नेण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील महाराज बाडा हा चौक तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. या चौकातील व्हिक्टोरिया मार्केटची इमारत 2010 साली आगीत जळाली. पुढे तिची दुरुस्ती करताना बाहेरील जुने रूप राखण्यात आले आणि आत भूविज्ञानाचे संग्रहालय उभे राहिले. जुने तसेच ठेवावे की त्यास नवे रूप द्यावे, हा प्रश्न मात्र इमारतींपुरताच नाही. घरातील जुनी राजदूत, जावा, येझदी किंवा बुलेट बाहेर काढून ती आपल्या हौसेप्रमाणे सजविणाऱ्या तरुणापुढेही तोच प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर रंगाचा पहिला हात देण्यापूर्वीच ठरविणे इष्ट असते.

याचे कारण कायद्यात आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चेसिस कापणे किंवा दुसऱ्याच जातीचे इंजिन बसविणे हे या कक्षेत येते. रंग बदलल्यास तशी नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते.

दुसरीकडे, 2021 साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. अशा वाहनास ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. असे वाहन प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. परंतु चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला असल्यास ही सवलत मिळत नाही. म्हणजे 1973 ची येझदी कापून तिला लांब काटा लावणारा तरुण एका दुपारच्या कामात एक दुर्मिळ वाहन कायमचे गमावतो. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरास याची कल्पना असतेच असे नाही.

निर्णय झाल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा. अनुभवी कारागीर प्रथम रंगाविना संपूर्ण गाडी जोडून पाहतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तारा ताणल्या जातात काय, चाक मडगार्डला घासते काय, साखळी सरळ रेषेत आहे काय, हे याच वेळी कळते. मडगार्डला आणखी एक भोक पाडायचे असल्यास तेही याच वेळी. रंगलेल्या पत्र्यावर गिरमिट चालविण्याची पाळी आली म्हणजे महिनाभराचे श्रम वाया जातात. त्यानंतर गाडी पुन्हा सुटी करून भाग रंगास व क्रोमसाठी पाठवावेत. क्रोमच्या झळाळीखाली सहसा तांबे व निकेल यांचे थर असतात, आणि त्याखालचा पत्रा गुळगुळीत नसेल तर प्रत्येक खड्डा चकाकीत अधिकच उठून दिसतो. पेट्रोलची टाकी आतून गंजमुक्त करणे आणि गळती तपासणे हे रंगाच्या आधीचे काम होय. रंगविताना आटे व बेअरिंगच्या जागा झाकून ठेवाव्यात. चेसिसला जेथे विजेची अर्थ तार जोडावयाची तेथे उघडी धातूच हवी. अन्यथा नवी कोरी गाडी असूनही दिवा लागत नाही आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

जोडणीनंतर गाडी काही अंतर सावकाश चालवून सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळावेत, ब्रेक तपासावेत. सायलेन्सर मोकळा करून कर्कश आवाज काढण्याची जी प्रथा पडली आहे, ती दंडास पात्र आहेच. शिवाय शेजारच्या आजारी माणसास तिचा किती त्रास होतो हे सांगावयास नको.

प्रदर्शनाची तयारी हा निराळा भाग आहे. 2013 साली गोव्यात सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकसारख्या मेळाव्यांत सजविलेल्या मोटरसायकली पाहण्यास गर्दी होते. वाहन टेम्पोतून नेताना पट्टे मऊ कापड घालून काट्याच्या खालच्या भागास बांधावेत, हँडलच्या टोकांस नव्हे. साखळीस तेल आदल्या दिवशीच द्यावे, म्हणजे त्याचे शिंतोडे चाकाच्या कडेवर उडणार नाहीत. मैदानातील धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये; धुळीचे कणच रंगावर ओरखडे पाडतात. आधी पाण्याने धूळ उतरवावी, मग स्वच्छ मऊ कापड वापरावे. बंद सभागृहात टाकीत इंधन अगदी थोडे ठेवावे व बॅटरीची तार सोडवून ठेवावी.

गाडीजवळ लहानसा फलक असावा. त्यावर बनावट, वर्ष, मूळचे भाग कोणते आणि नवे कोणते, हे प्रामाणिकपणे लिहावे. सोबत कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवल्यास परीक्षकांच्या शंकांचे निरसन होते. आणि दुकानाबाहेर गंजत पडलेल्या सांगाड्याचे पहिले छायाचित्र पाहण्यासाठी लोक अनेकदा गाडीपेक्षाही अधिक वेळ थांबतात.