निळ्या शिरस्त्राणाचे ओझे

रत्नागिरी जिल्ह्यात घरातला माणूस परदेशी असणे नवलाचे नाही. कोणी बोटीवर, कोणी आखातात. तिकडून पैसे येतात आणि गावी घर उभे राहते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत जाणाऱ्या सैनिकाकडेही मग याच नजरेने पाहिले जाते. लढाई नाही, धोका नाही, पगार डॉलरमध्ये, वर्षभरात परत. आणि तो तिथेच मृत्यू पावला, तर 'आपल्या देशासाठी थोडाच गेला' असेही कोणी सहज बोलून जाते. यातली प्रत्येक समजूत तपासून पाहिली पाहिजे, कारण त्यांच्यामुळे एका फार अवघड कामाचे मोल आपल्याला कळतच नाही. शांतिसैनिकाच्या हाती शस्त्र असते, समोर लढणारे दोन पक्ष असतात, आणि गोळी न झाडता दोघांच्या मध्ये उभे राहणे हे त्याचे बहुतेक दिवसांचे कर्तव्य असते. त्याचा त्याग समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

आधी पैशाचे पाहू. डॉलरची गोष्ट पूर्ण खोटी नाही. एकेकटे नेमले जाणारे लष्करी निरीक्षक आणि मुख्यालयातले अधिकारी यांना राष्ट्रसंघ निर्वाह भत्ता देतो आणि तो बरा असतो. पण पलटणीबरोबर गेलेल्या जवानाला तो मिळत नाही. त्याच्यापोटी राष्ट्रसंघ महिन्याला 1,400 डॉलरच्या आसपास रक्कम देतो ती भारत सरकारला. जवानाला पगार आणि परदेशातील भत्ता मिळतो तो आपल्या सरकारच्या दराने. राष्ट्रसंघाकडून थेट त्याच्या हातात पडणारा दैनिक भत्ता आहे 1.28 डॉलर. घरच्यापेक्षा चार पैसे जास्त सुटतात हे खरे, पण आखातातल्या नोकरीशी याची तुलना होऊ शकत नाही. ती नोकरी सोडून येता येते, ही येत नाही.

धोका नाही, हा समज तर आकड्यांपुढे टिकत नाही. 1950 च्या दशकापासून भारताने 2.75 लाखांहून अधिक माणसे शांतिकार्यासाठी पाठवली आणि त्यातले सुमारे 180 जण परतले नाहीत. इतके बळी दुसऱ्या कोणत्याही देशाने दिलेले नाहीत. काँगोत 5 डिसेंबर 1961 रोजी एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया मोजक्या गुरखा जवानांसह कितीतरी मोठ्या शत्रूवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. राष्ट्रसंघाच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. दक्षिण सुदानमध्ये एप्रिल 2013 मध्ये ताफ्यावरच्या एका हल्ल्यात पाच भारतीय सैनिक गेले. मात्र सगळ्या देशांचे मिळून पाहिले, तर हल्ल्यांपेक्षा आजार आणि अपघात यांनी गेलेले शांतिसैनिक जास्त आहेत. मलेरिया आणि चिखलातले रस्ते यांच्या बातम्या होत नाहीत, म्हणून ते मरणही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आता संयमाचा मुद्दा, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. 1953 मध्ये कोरियातील युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक युद्धकैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैदी संतापलेले, आपसांत फाटलेले, आणि प्रत्येक देशाचे डोळे भारताच्या चुकीवर लागलेले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला छावणीत पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणले. तिथे बंदूक चालवणे सोपे होते, पण त्याने सगळी व्यवस्थाच कोसळली असती. सिएरा लिओनमध्ये 2000 साली कैलाहून येथे बंडखोरांनी वेढलेल्या भारतीय तुकडीने जवळजवळ अडीच महिने शस्त्रे खाली ठेवली नाहीत आणि वाटाघाटी चालू आहेत तोवर लढाईही पेटू दिली नाही. जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी'ने वेढा फोडला. प्रशिक्षणाने अंगात भिनवलेली लढाऊ वृत्ती दाबून असे दिवस काढणे कोणत्याही चढाईपेक्षा कमी कष्टाचे आहे, असे मला वाटत नाही.

यावर कोणी विचारील की मग 1994 मध्ये रवांडात आणि 1995 मध्ये स्रेब्रेनिकात शांतिसेना डोळ्यांदेखत कत्तल का थांबवू शकली नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्या अपयशावर पांघरूण घालू नये. पण सैन्य किती, शस्त्रे कोणती आणि ती केव्हा वापरायची हे ठरवते सुरक्षा परिषद. रवांडात दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर परिषदेने दल वाढवण्याऐवजी जवळजवळ काढूनच घेतले. त्या निर्णयाचा दोष जमिनीवरच्या शिपायाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

आणखी एक गल्लत कोकणात विशेष सुधारायला हवी, कारण इथल्या लष्करी परंपरेशी तिचा संबंध आहे. श्रीलंकेत 1987 ते 1990 दरम्यान गेलेली भारतीय शांतिसेना राष्ट्रसंघाची नव्हती. भारत आणि श्रीलंका यांच्या 29 जुलै 1987 च्या कराराने ती गेली आणि तिचे हजारांहून अधिक सैनिक कामी आले. त्यात परमवीर चक्र मिळाले महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना. ते जन्माने मुंबईचे. ज्या महार सैनिकांच्या परंपरेतून 1941 मध्ये ही रेजिमेंट उभी राहिली, तिची मुळे दापोली-मंडणगडच्या पेन्शनर घरांपर्यंत जातात. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे इथल्याच आंबडव्याचे. दोन्ही शांतिसेना एकच मानल्या की श्रीलंकेतले ते प्रत्यक्ष युद्ध विसरले जाते.

राहिला 'आपल्या देशासाठी नाही' हा आक्षेप. भारतीय पलटण 1998 पासून लेबनॉनमध्ये उभी आहे. पश्चिम आशिया पेटला की चिपळूण-खेडच्या किती घरांची झोप उडते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय सैनिक तिथे जातो तो स्वतःच्या निवडीने नव्हे, भारत सरकारच्या हुकमाने. सरकारही हा भेद करत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या 2001 च्या निवृत्तिवेतन आदेशात परदेशातील शांतिकार्यात प्रत्यक्ष कारवाईत आलेला मृत्यू आंतरराष्ट्रीय युद्धातील मृत्यूच्याच वर्गात आहे, आणि कुटुंबाला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी रक्कम, मिळण्याची तरतूद आहे. सेवेमुळे जडलेला आजार किंवा अपघात यांसाठी वेगळा वर्ग आणि कमी रक्कम आहे. म्हणून मृत्यूचे कारण कागदावर काय नोंदले गेले, ते कुटुंबाने पहिल्याच महिन्यात पाहून घ्यावे आणि शंका असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जावे.