घाटांतील मोटार आणि पाण्याचा फवारा

आमच्या कित्येक सभासद-बंधूंच्या दारीं आज टर्बो बसविलेली डिझेल मोटार उभी असते. वैशाखांत माणसें व माल घेऊन घाट चढतांना ती ओढ धरीत नाहीं, ही तक्रार वरचेवर ऐकूं येते. आमच्या मोटारीचेंही तसेंच झालें. त्यावर आम्हीं घरच्या घरीं जो उपाय केला, तो त्यांतील चुकीसह येथें सांगतों.

स्वित्झर्लंडमधील अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं टर्बोच्या कल्पनेचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें, आणि त्याच दांड्यावरील दुसरें चक्र ताजी हवा दाबून इंजिनांत भरतें. परंतु दाबलेली हवा तापते; सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, तोच हा प्रकार. तापलेली हवा विरळ होते व तींत प्राणवायु कमी मावतो. म्हणून ती इंजिनांत जाण्यापूर्वीं इंटरकूलर नांवाच्या जाळींतून नेतात. बाहेरचा वारा जाळीच्या पात्यांवरून वाहतो आणि आंतील हवा निवते. घाटांत मात्र वेग मंद आणि वारा तापलेला. तेव्हां जाळीचें बळ अपुरें पडतें.

अशा वेळीं जाळीवर बाहेरून पाणी फवारावें, ही युक्ति कांहीं आमची नव्हे. जपानच्या सुबारू कंपनीनें आपल्या इम्प्रेझा जातीच्या कांहीं वेगवान मोटारींत ही सोय कारखान्यांतच करून दिली होती. तत्त्व माठाचेंच आहे. १ लिटर पाणी २० अंशांनीं तापण्यास २० किलोकॅलरी उष्णता घेतें. तेंच वाफ होऊन उडालें तर सुमारें ५८० किलोकॅलरी ओढून नेतें. सारांश, ओघळून गेलेलें पाणी बहुतेक फुकट गेलें. उडालेलें तेवढें कामीं आलें.

आम्हीं ५ लिटरचा डबा घेतला. बॅटरीवरील फवारणीपंपांत असते तशी १२ व्होल्टची पंपमोटार नवी आणली. औषध मारलेला जुना पंप यासाठीं वापरूं नये. पंपाआधीं गाळणी, पुढें दाब सोसणारी नळी आणि जाळीसमोर वीतभर अंतरावर दोन बारीक नोझल बसविले. वायरींग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करवून घेतलें. फ्यूज बॅटरीजवळ, मध्यें रिले व बटण चालकाच्या हाताशीं. दोन-तीन सेकंद फवारा सोडावा व जाळी वाळेपर्यंत थांबावें. पाणी एअर फिल्टरच्या तोंडाशीं मुळींच जाऊं देऊं नये.

आतां चूक सांगतों. डब्यांत आम्हीं बोअरचें क्षारयुक्त पाणी भरलें. हंगाम संपतांना पात्यांमध्यें पांढरा थर बसला, त्यावर धूळ चिकटली, आणि मोटार पूर्वीपेक्षां मंद झाली. मेस्त्रीनें जाळी उतरविली तेव्हां इंटरकूलरची रबरी नळी पट्टीखालीं चिरलेली आढळली. दाबलेली हवा तेथूनच निसटत होती! आमची अर्धी तक्रार त्या चिरेची होती. स्थळपाहणीवांचून नोंद करूं नये, हें महसूल खात्यांत आम्ही जन्मभर पाळलें आणि स्वतःच्या मोटारीपुढें विसरलों.

नळी बदलली, जाळी धुतली, आणि मग गाळलेलें पावसाचें पाणी वापरून पाहिलें. लांब चढावर थोडा गुण येतो, हें खरें. दमट हवेंत तो कमी येतो, कारण पाणी लवकर उडत नाहीं. इंजिनच तापूं लागलें तर हा फवारा त्यावरील औषध नव्हे; मोटार बाजूस घेऊन थांबावें.

तरी वाचकांस आमची विनंति अशी कीं, प्रथम नळ्या तपासाव्या, मग जाळींतील माती-काडी काढावी. एवढ्यानें भागलें तर फवाऱ्याचा खर्च वांचला. न भागलें तरच डबा-पंप आणावा, व पाणी मात्र मृदु आणि स्वच्छ घालावें.