‘दोन दिवसांचं काम’ आणि पुढचे चार महिने

बेटम्यापासून पीथमपूरपर्यंतचा पट्टा गाड्यांवर जगतो. घराघरांत कुणी ना कुणी असेंब्ली लाइनवर, टूलरूममध्ये नाहीतर ट्रकच्या गॅरेजात. त्यामुळे जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी हौसेनं सांभाळणारे लोकही इथे बरेच. आणि त्यांच्यातल्या प्रत्येक तिसऱ्या तरुणाच्या तोंडी हल्ली एकच वाक्य आहे: “काका, शनिवारी कार्बोरेटर काढतो, रविवारी संध्याकाळी गाडी इंजेक्शनवर. सोमवारी ड्युटीला घेऊनच जातो.”

कुठला सोमवार, हे तो सांगत नाही.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. अमेरिकेत मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी तयार किट मिळतात. थ्रॉटल बॉडी थेट जुन्या कार्बोरेटरच्या जागी बसते, चार नट आवळले की काम झालं असं व्हिडिओत दिसतं, आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरंही असतं. आपल्या १०८९ सीसीच्या पद्मिनीला किंवा १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बेसेडरला ते किट म्हणजे आजोबांचा कोट नातवाला. इथे जुळवाजुळव करावी लागते. मोडीत निघालेल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) मारुतीची थ्रॉटल बॉडी, तिचेच इंजेक्टर आणि सेन्सर, वर मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा हौशी लोकांनी विकसित केलेला ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक. प्रत्येक दोन वस्तूंच्या मध्ये एक तिसरी वस्तू लागते, आणि ती बाजारात मिळत नाही. फ्लँजचं माप घेऊन अ‍ॅडॅप्टर प्लेट लेथवाल्याकडून करून घ्यायची. ती पहिल्या खेपेला बरोबर आली तर त्याला चहा पाजा.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर पीथमपूरचाच दाखला घ्या. हिंदुस्थान मोटर्सनं ऐंशीच्या दशकात इथेच इसुझूच्या सहकार्यानं १.८ लीटरचं पेट्रोल इंजिन बनवायला घेतलं. ते आधी काँटेसात गेलं, मग अ‍ॅम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्ये. वर्षानुवर्षं कार्बोरेटरवर चाललेलं हे इंजिन पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर एमपीएफआयवर आलं. म्हणजे तुम्ही गॅरेजात जे करू पाहताय तेच काम, फरक एवढाच की तिथे इंजिनाची सगळी ड्रॉइंग होती, टेस्ट बेंच होते आणि पगारी माणसं होती. त्यांनीही ते शनिवार-रविवारात केलं नाही. पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. गाडीचं बोनेट बंद केल्यावर काम संपत असतं तर असल्या ट्रॅकवर कुणी पैसा घातला नसता.

आता वेळ नेमका कुठे जातो ते बघू. इंजिनावर नाही, टाकीत जातो. कार्बोरेटरला पेट्रोल लागतं साधारण पाव-तृतीयांश बार दाबानं. इंजिनाच्या ब्लॉकवरचा जुना डायफ्रॅम पंप तेवढं आरामात देतो. इंजेक्शनला लागतो ३ बार. म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला, रेग्युलेटर आला, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी लाइन आली. पंप टाकीच्या बाहेर लावणार असाल तर टाकीजवळ आणि खालच्या पातळीवर, कारण हे पंप ढकलायला तयार, ओढायला आळशी. साधा पेट्रोल पाइप आणि त्यावरची स्क्रूची क्लिप कमी दाबाला चालून जाते. ३ बारला तीच जागा पिचकारी मारते, तीही गरम सायलेन्सरवर. इथे पैसे वाचवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या गाडीत बसत नाही एवढंच.

टाकी उघडली की तळाशी तपकिरी गाळ निघतो. तीस-चाळीस वर्षांचा गंज. कार्बोरेटर असताना तो बाऊलच्या तळाशी गुपचूप बसायचा. इंजेक्टरच्या तोंडाशी तो बसला की एक सिलेंडर मिसिंग. म्हणून टाकी उतरवायची, धुवायची, वाळवायची, परतीच्या लाइनसाठी तोंड करून घ्यायचं. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करायला शहाणा माणूस लगेच ‘हो’ म्हणत नाही, आणि जो लगेच ‘हो’ म्हणतो त्याच्याकडे टाकी देऊ नये. एवढं झाल्यावर गाडी सुरू होते, छान पळते, आणि टाकी पावभर असताना मानपूरच्या घाटात वळणावर अचानक बंद पडते. पेट्रोल एका बाजूला सरकलं आणि पंपानं हवा ओढली. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये घोटभर साठा असायचा, तो अशा वेळी गाडी निभावून न्यायचा. इंजेक्शनला हा आधार नाही. मग छोटी सर्ज टँक बसवा, तिच्यासाठी वेगळा लहान पंप, आणखी पाइप, आणखी जोड. ठरवलेल्या वेळापत्रकात हे कुणीच धरलेलं नसतं.

दुसरा खड्डा विजेचा. इंधन पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर आणि ईसीयू हे सगळं मिळून सतत विजेवर बसतं. डायनॅमोवाल्या जुन्या गाडीत हेडलाइट लावून सिग्नलला उभं राहिलात की व्होल्टेज बसतं आणि गाडीही. आधी अल्टरनेटर. पुढे अर्थिंग: सेन्सरचं अर्थ वेगळं, थेट ईसीयूकडे, बॉडीच्या गंजक्या बोल्टवर नाही. आणि प्लगच्या वायरी. जुन्या गाड्यांत तांब्याच्या गाभ्याच्या वायरी असतात. त्यांचा रेडिओत खरखर करणारा आवाज आठवतो का? तीच खरखर क्रँक सेन्सरच्या वायरीत शिरते, ईसीयूचा आरपीएमचा हिशेब चुकतो, आणि गाडी ठरावीक वेगाला धक्के देते. माणूस बिचारा लॅपटॉपवर इंधनाचे आकडे बदलत बसतो. दुखणं असतं प्लगच्या वायरीत, कार्बनच्या रेझिस्टन्सवाल्या वायरी आणि रेझिस्टर प्लग लावले की संपतं.

हे सगळं धरूनही हाताचं काम, माझ्या अंदाजानं, पन्नास ते ऐंशी तासांत होतं. सुट्टी टाकून भिडलं तर दोन आठवडे. खरी मेख पुढे आहे, आणि ती कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत, कारण दाखवण्यासारखं काही घडतच नाही.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून कार्बोरेटरला चोक असतो. इंजेक्शनमध्ये हेच काम एक तक्ता करतो: पाणी १० अंशाला असेल तर पेट्रोल इतकं जास्त, २० ला इतकं, ४० ला इतकं, ८० ला शून्य. हे आकडे तुमच्या इंजिनासाठी कुणीही तयार करून ठेवलेले नाहीत, ते तुम्हीच शोधायचे. सकाळी गाडी सुरू केली की काही मिनिटांत इंजिन हा सगळा जिना चढून गरम होतं. तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं. आकडा बदललात? छान. आता पडताळायला इंजिन पूर्ण थंड व्हायला हवं, म्हणजे उद्या सकाळी. दिवसाला एक प्रयोग, फार तर दोन. जास्त मेहनत करून, चार मित्र बोलावून, रात्र जागून हा वेग वाढत नाही.

“पण किट स्वतः शिकतं ना?” शिकतं, पण काय? स्वयंशिक्षण चालतं ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर, आणि थंड इंजिनाला आपण मुद्दाम जास्त पेट्रोल देत असल्यानं त्या काळात ही दुरुस्ती साधारण बंदच ठेवलेली असते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त शिकायचंय तिथेच किट वर्गाबाहेर. गरम झाल्यावरही ते शिकतं फक्त तुम्ही जिथे चालवता तिथलं. इंधनाच्या तक्त्यात १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकोन असतात. बेटमा ते इंदूर रोज एकाच वेगानं गेलात तर त्यातले मोजकेच घासले जातात. चढावर पूर्ण दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरचे चौकोन कोरेच राहतात, आणि मिश्रण पातळ झालं तर पिस्टन नेमके तिथेच जळतात.

त्यात आपल्या माळव्याचं हवामान. जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर, मे महिन्यात दुपारी ४० च्या वर. डिसेंबरात जुळवलेली गाडी मे महिन्यात पेट्रोल भरून निघताना गरम होऊन रुसते, आणि मे महिन्यात जुळवलेली पहिल्या थंडीत उठत नाही. लोणचं मुरायला तीन आठवडे लागतात म्हणून कुणी बरणीपाशी बसून राहत नाही, पण पाहुण्यांना आठव्या दिवशी वाढायचं कबूलही करत नाही. वेळ मोजायची ती कॅलेंडरवर, पान्याच्या तासांत नाही.

म्हणून माझा सल्ला: दसऱ्यानंतर, पाऊस संपल्यावर सुरू करा आणि होळीपर्यंतचा काळ धरा. मात्र गाडी एवढे महिने जॅकवर चढवू नका. जॅकवरची गाडी महिन्याभरात सामान ठेवायची जागा होते. काम असं तोडा की प्रत्येक टप्प्यानंतर गाडी कार्बोरेटरवर चालती राहील. आधी सायलेन्सरच्या पाइपला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची बांगडी) वेल्ड करून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावा. तो आडवा किंवा उलटा नको, थोडा वरच्या अंगाला तिरपा हवा, नाहीतर साचलेलं पाणी त्याला मारतं. कार्बोरेटरवरच चालवून आकडे लिहून ठेवा. मग टाकी आणि परतीची लाइन, तात्पुरता कमी दाबाचा रेग्युलेटर लावून. मग अल्टरनेटर आणि वायरिंग. ईसीयू जोडून नुसतं बघायला ठेवा: पाण्याचं तापमान, आरपीएम, थ्रॉटल नीट वाचतोय का. हे सगळं खरं दिसू लागलं की मगच कार्बोरेटर उतरवा. आणि इग्निशन त्याच दिवशी बदलू नका. डिलको (डिस्ट्रिब्युटर) आणि इंधन दोन्ही एकदम बदलले की बिघाड कुणाच्या माथी मारायचा ते कळत नाही.

बाकीचे गैरसमज आता भराभर.

‘इंजेक्शन लावलं की दमलेलं इंजिन बरं होतं.’ नाही होत. आधी कॉम्प्रेशन बघा, टॅपेट बघा, मॅनिफोल्डच्या गॅस्केटची एअर लीक बघा. कार्बोरेटरच्या नावावर खपलेली निम्मी दुखणी पॉइंट आणि कंडेन्सरची निघतात.

‘अ‍ॅव्हरेज दुप्पट.’ नीट जुळवलेल्या कार्बोरेटरपेक्षा थोडा फरक पडेल. खरा फायदा थंडीत एका चावीत सुरू होण्याचा आणि घाटात न गुदमरण्याचा.

‘प्रत्येक इंजिनाला चार इंजेक्टर लावता येतात.’ लावता येतात, चालवता येतीलच असं नाही. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी बीएमसी इंजिनात चार सिलेंडरांना इनलेटची दोनच तोंडं आहेत. जोडीतला जो व्हॉल्व्ह आधी उघडतो तो साचलेलं पेट्रोल ओढून घेतो आणि मागच्याला उरतं कमी. तिथे कार्बोरेटरच्या जागी बसणारी एकच थ्रॉटल बॉडी बरी. १.८ इसुझूला हा प्रश्न नाही.

‘मोठा इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद.’ पन्नास अश्वशक्तीच्या चार सिलेंडर इंजिनाला इंजेक्टरमागे मिनिटाला ८०-९० सीसी पुरतं. त्याच्या तिप्पट लावलात तर आयडलला थेंब मोजणंच जमत नाही.

‘आरटीओला काय कळतंय?’ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा: नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जयचंद्र खटल्यात हेच ठासून सांगितलं. तुमच्या बदलाचं त्यात काय होतं ते आरटीओला लेखी विचारा, विमा कंपनीला कळवा, आणि उत्तराला लागणारे आठवडेही वेळापत्रकात धरा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर आणखी थांबा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं विंटेज गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात हवी, आणि इंजिनातला बदल त्या अटीला बाधतो. ती नंबरप्लेट हवी असेल तर कार्बोरेटरच नीट करून घ्या.

‘इंजेक्शन आलं, आता जुना कार्बोरेटर भंगारात.’ क्रायस्लरनं १९५८ मध्ये बेंडिक्सचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन गाड्यांत बसवून विकलं होतं. ते इतकं रुसायचं की त्यातल्या बहुतेक गाड्या कंपनीलाच परत कार्बोरेटरवर न्याव्या लागल्या. तेव्हा तुमचा कार्बोरेटर धुऊन, जेट वेगळ्या डबीत घालून, लिंकेज आणि चोकच्या केबलसकट जपून ठेवा. ब्लॉकवरचा जुना पंपही त्याच खोक्यात, कारण ३ बारचा पंप तसाच कार्बोरेटरला जोडलात तर नीडल व्हॉल्व्हला तो दाब पेलत नाही आणि बाऊल भरून पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं.