‘डोळा’ की ‘डोया’?

आपल्या अकोल्याकडच्या खेड्यात दुसरीतलं पोर ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचतं. हा वाचनाचा दोष म्हणावा, की घरच्या वऱ्हाडीचा उच्चार? गुरुजी इकडचे असले तर हसून पुढे जातील. परंतु पुण्यामुंबईच्या मुलांवर बेतलेली कसोटी ते ओळखीलच असे नाही. मग पोरावर अध्ययन-अक्षमतेचा शिक्का बसायचा! उलटही घडते. पोर खरोखरच अक्षरांत अडखळते, अन् आपण म्हणतो, ‘खेड्यातलं आहे, चालायचंच.’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत ही अक्षमता घेतली आहे. पण ओळखच पटली नाही, तर परीक्षेतला जादा वेळ त्याला मिळणार कसा?

विशेष शिक्षणात पीएच.डी. करायची ती असल्या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी. वर्गात बसून पुष्कळ मुलांचे वाचन ऐकावे लागते, घरची बोली टिपावी लागते. शिवाय आपल्या लिपीची गंमत निराळी. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी ‘द’च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर. इंग्रजी वाचनावरच्या ग्रंथात याचे उत्तर कुठून सापडावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एम.ए., एम.एड. झालेल्यांना ५५ टक्के गुण लागतात. दिव्यांगांना व राखीव वर्गांना ५ टक्के सूट आहे. मुदत तीन ते सहा वर्षे. मार्गदर्शक मिळवणे मात्र खरे जिकिरीचे. तोवर शिक्षकांनी एक वही घालावी: कोणतं पोर, कोणत्या शब्दावर, कोणत्या तारखेला अडलं.